शामभियाचा जोड

लुधियाना
डिसेंबर

प्रिय पुष्पा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न टाकता विमलताईच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. फोनवर बोललो असतो, पण आपली माय कशी आहे तुले माहीत, याडी फोन स्पीकरवर टाकते अन् आपल्याच मांडीवर घेऊन बसते, तुले मधात तोंड घालाले जागाच ठेवत नाही. अक्षराले हसू नको. शाळा सुटल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नाही. वाचता नाही आलं तर ताईले वाचाले लावू नको, तूच पुन्हा वाचजो.

इकडं थंडी पडली. आपल्याकडं तुरीच्या वावरात पहाटे लागते तशी ही नाही. आपली थंडी ऊन निघालं की उठून जाते, इकडची दिवसभर ठाण मांडून बसते. कारखान्यात सध्या टोप्या अन् मफलरच निघून राह्यले, जोडीनं. ज्या रंगाची टोपी त्याच रंगाचा मफलर, दोन्ही एका पन्नीत. मशीन विणत राहते, मी नुसता फिरत राहतो. धागा तुटला की जोडायचा, की पुढची मशीन. या कामात बसाले भेटत नाही म्हणूनच मी टिकलो, नाहीतर तुले माहीतच आहे, बा म्हणायचा, या पोट्ट्याच्या बुडाखाली मुंग्या आहेत.

एक गंमत सांगतो. याडी दिग्रसच्या बाजारातून लोकर आणते ना, तिच्या गुंड्यावर चिठ्ठी असते. तिच्यावर लुधियानाच लिहिलेलं आहे. म्हणजे लोकर इथून दिग्रसले जाते, याडी तिची टोपी करते अन् पार्सलनं इथंच पाठवते. मी तिले म्हटलं, याडी, कायले एवढा खटाटोप, मी इथं टोप्यांच्या ढिगात उभा राहतो. तर म्हणे, त्या ढिगातली एक तरी तुया नावाची आहे का?

विमलताईनं तांड्यातल्या बायांले विणकाम शिकवलं तो हिवाळा आठवते का तुले? याडीनं पहिल्याच दिवशी सुया उलट्या धरल्या अन् ताईलेच म्हणे, तुमच्याच उलट्या आहेत, मी लहानपणापासून कशिदा करते. आपण तिघंही भावंडं हसून हसून पडलतो, शामभिया तर खाटेवरून खाली आलता. पण महिन्याभरात तिनं टोपी काढली. अन् टोपी झाली तरी तिले ती कोरी कोरी वाटे, म्हणून कांचळी-चोळीवर लावते तशी गोल काच कपाळाच्या जागी टाकून दिली. ताई म्हणे, अवो लालीबाई, लोकरीच्या टोपीले कोणी काच लावते का? याडी म्हणे, मी लावते.

हरिसिंग मुकादमानं आम्हा दोघा भावांले इकडं आणलं तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिचे टोपी-मफलरचे दोन जोड आले, लाल लोकरीचे, दोन्ही सारखे, दोन्हीले काच. लहानपणी दिवाळीले एकाच थानातलं कापड घेऊन आम्हाले सदरे शिवायची तसंच. लोकायनं लांबूनच म्हणावं, हे लालीबाईचे पोट्टे. कारखान्यातले हसत. एक बिहारी पोट्टा म्हणे, राठोड, तुम्ही भाऊ येता ते आधीच समजते, कपाळावर बत्ती आहे. शामभिया हसायचा नाही. पण टोपी घालायचा.

मंग होळीच्या आधी तो बॅग घेऊन निघाला. म्हणे दुसरीकडं काम पाहतो, जागा लागली की तुले बोलावतो. काही दिवस फोन लागे, मंग तो लागाचा बंद झाला. हे सगळं तुले माहीत आहे. याडीनं तरी दर हिवाळ्याले दोन जोड पाठवणं सोडलं नाही. भेटला की दे, म्हणते. हिरवा जोड अन् जांभळा जोड माझ्या खाटेखालच्या पेटीत तसेच आहेत. त्याच्या डोक्याचं माप ती दरवर्षी थोडं वाढवते. म्हणे, आता अंगानं भरला असन.

अन् तुझं लगीन तिनं त्याच्याच नावानं अडवून ठेवलं. तिचंही मी समजतो. पाठवणीचं रडगाणं, ढावलो, म्हणताना पोरगी मोठ्या भावाच्या गळ्यात पडून रडते, बा नाही तर भाऊ तरी पाहिजे. मी आहे म्हटलं तर म्हणते, तू लहान आहे, तुया गळ्यात पडली तर तूच तिच्याआधी रडशीन. तांड्यात एकदा बोललेलं ती फिरवत नाही. तू काहीच बोलत नाही, हे मले जास्त लागते.

आता जे सांगतो ते बसून वाच. दिवाळीनंतर फुलसिंग भेटला, आपल्या पुसदकडचा, इकडं ट्रकवर क्लीनर आहे. माझ्या टोपीकडं पाहून म्हणे, अबे, असलीच काचवाली टोपी मी सोलनच्या रस्त्यावर एका पोरीच्या डोक्यावर पाह्यली, सफरचंदाच्या पेट्या भरतात तिथं. मी त्याच ट्रकवर माल चढवणारा म्हणून बसलो. रस्ता सारखा वळतच जातो. पण मले पूर्ण वाटंनं हेच वाटत होतं की आता आणतो याले, याडीच्या पुढ्यात उभा करतो, अन् मंग तुझ्या लग्नात दोघं भाऊ पिवळे फेटे बांधून नाचतो.

पोरगी रस्त्याच्या कडेलेच खेळत होती. लाल टोपी, काच थोडी तडकलेली. तिच्याहून लहान एक होती, तिच्या गळ्यात मफलर, जमिनीपर्यंत लोंबत होता. जोड दोघी बहिणीत वाटून घेतलेला. मागून शामभिया पेटी खांद्यावर घेऊन आला. मले पाहून थांबला. पेटी खाली ठेवली, जवळ आला, मले वाटलं गळ्यात पडते. त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी काढली अन् घडी करून माझ्याच खिशात घातली. तेवढ्यात आतून एक बाई आली, तिकडचीच आहे, त्या पोरींची माय. पोरी तिच्या आधीच्या घरच्या, भिया आता त्यांच्यातच राहते. तिले तो म्हणे, गावाकडचा पोट्टा आहे, ट्रकवर आला.

त्या बाईनं चहा केला, चांगली आहे. पण मोठी पोरगी हुशार निघाली. खिशातून लोंबणारी टोपी तिनं ओढली, काचीवर बोट फिरवलं अन् विचारलं, यांच्याजवळ पण माझ्यासारखी कशी? भिया तिच्याकडं न पाहता म्हणे, बाजारात भेटतात असल्या.

पुष्पा, मी चहा पिऊन उठलो. त्याले तिथंच खडसवाले पाहिजे होतं असं तुले वाटन. तो मले रस्त्यापर्यंत सोडाले आला. त्यानं त्या बाईले सांगून ठेवलं आहे की आपल्याले आगंमागं कोणी नाही. मी विचारलं, काहून असं? तर म्हणे, बा गेला तेव्हापासून घरात सगळे माझ्याच तोंडाकडं पाहतात, संज्या. बैल विकू का, शामले विचारा. पोरीचं कसं, शामले विचारा. इथं या दोघी पोरी पाहतात, पण यांले फक्त खाऊ पाहिजे असते. मंग त्यानं विचारलं, पुष्पाचं झालं का? मी म्हटलं, तू आल्याशिवाय होत नाही. मंग म्हणे, याडीले सांग मी मेलो. रडन, तेरावं करन, मंग पोरीचं लगीन लावन. हात धरून म्हणे, एवढं कर माझं.

हे मी कोणाले सांगणार नव्हतो. पण मंगळवारी याडीचा फोन आला. म्हणे, ढाणकीचे धरमसिंग येऊन गेले, फाल्गुनापर्यंत थांबतो म्हणतात, मंग पोराले दुसरीकडं पाहतो. तिनं त्यांले शाम आल्यावर पाहू असं सांगून वाटे लावलं, अन् मले विचारते, या वर्षी पिवळी लोकर घेऊ का? मागं तुझा भांडे घासायचा आवाज येत होता, तो थांबला, अन् मंग सुरू झाला. म्हणून लिहून राह्यलो. तो येणार नाही, पुष्पा, त्याची वाट पाहून तू म्हातारी होशीन तरी नाही. मेला म्हणून सांगणं माझ्या तोंडून निघत नाही. जिता आहे अन् येत नाही म्हटलं तर याडी पुढची गाडी धरून इकडं निघन, अन् त्या दोन पोरींसमोर उभी राहीन, अन् तो तिलेही गावाकडची बाई म्हणन. मी पंधरा दिवस दोन्ही गोष्टी तोंडात घोळवल्या, कोणतीच गिळता आली नाही. लगीन तुझं आहे, आता तूच ठरव. मेला म्हणशीन तर मेला. तू जे सांगशीन, याडीनं फोनवर विचारलं की मी हो म्हणीन.

तुझाच, अन् आता एकटाच,
संजय