फिलिपिन्समधल्या समार बेटाला, वादळानंतर

आई,

मनातल्या मनात तुझा हात कपाळाला लावून, आशीर्वाद घेऊन लिहितेय. वादळ झाल्यापासून गावातला एकही फोन लागत नाही. शेजारच्या शाळेतला नर्स रोमुलो मदतीच्या बोटीने समारला निघालाय, त्याच्याजवळ हे पत्र देते.

माझी काळजी करू नकोस. इथे थायलंडमध्ये लख्ख ऊन आहे, शाळेत गरम भात मिळतो. तुमची चूल पेटते का गं? छप्पर राहिलं का? माझी लेक लिगाया खोकत तर नाही ना?

मोठ्या बाईंकडे रजा मागितली. म्हणाल्या, "एर्लिंडा, परीक्षेआधी गेलीस तर परत येऊ नकोस." वर्गात येऊन पोरांना गाणं शिकवायला लागले, तर आवाजच फुटेना. छोटी नोई म्हणाली, "बाई, तुम्ही रडा, आम्ही म्हणतो." आणि पोरं खरंच गात राहिली.

मी नोकरी सोडली, आई. पण विमानं बंद आहेत आणि बोटीवर फक्त डॉक्टर-नर्स घेतात.

लिहायला जमलं नाही तरी रोमुलोला रिकाम्या हाती धाडू नकोस. लिगायाची रिबीन दे, तुझी एखादी चप्पल दे. काहीही दे, पण दोघींचं दे.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी एर्लिंडा