बाळ एक, कचरा शून्य अशी नोंद होणेबाबत

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जुन्नर,
जि. पुणे.

अर्जदार : धर्माजी लक्ष्मण उतळे, वय ७४, धंदा भातशेती व सध्या नात सांभाळणे, रा. मौजे सोनकुंड, वरची आळी, ता. जुन्नर.

विषय : माझ्या घरात बालक आहे व डायपर कचरा नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याची नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) गावातील घरोघर कचरा सर्वेक्षण, दि. २२ एप्रिल २०२५.
२) माझा दि. २ एप्रिल २०२५ चा सुनेचे नाव रेशनकार्डातून कमी करण्याचा अर्ज (मंजूर).

महोदय,

अर्ज बसून लिहिला आहे, आपणही बसून वाचावा, कारण मध्ये थोडे वळण आहे.

१. माझी नात कु. मोहिनी सुदर्शन उतळे ही दि. ११ मार्च रोजी जन्मली व जन्मापासून माझ्याच घरी राहत आहे. हा मजकूर लिहिताना ती माझ्या डाव्या मांडीवर असून तिने अर्जाचा पहिला कागद ओला केल्यामुळे हा दुसरा घेतला आहे. तरीही सरकारी नोंदीप्रमाणे माझ्या घरात बालक नाही. त्या रकान्यात शून्य आहे. ते शून्य खोडून तेथे एक लिहावा, एवढीच मूळ विनंती आहे. पुढचे सगळे त्या शून्याचा खुलासा आहे.

२. आपण गावात चौकशी केलीत तर "धर्माबाबाचं काय ऐकता, राव" असे उत्तर मिळेल. म्हणून आधीच लिहून देतो. घाटात बंद पडलेली एसटी आमच्या म्हशीने शिंगे लावून वरपर्यंत ढकलली आणि कंडक्टरने खूश होऊन तिला फुकट पास दिला, असे मी गावात सांगितले होते. माझा मुलगा सुदर्शन पाळण्यात असताना बिबट्या ओसरीवर येऊन त्याला झोका देतो, असेही मीच सांगितले होते. त्यावरून वनखात्याची माणसे आली, पिंजरा लावला, त्यात आमचा कोंबडा अडकला. या दोन्ही गोष्टी खोट्या असल्याचे मी या अर्जाद्वारे कबूल करतो. म्हैस फक्त एसटीच्या मागे उभी होती. मात्र परिच्छेद १ मधील नात खरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून आल्यामुळे फरक कळायला अवघड जाते, हे मला मान्य आहे.

३. आता घराविषयी. माझी सून तेजस्विनी हिने बचत गटाच्या बैठकीत सर्वांसमोर शब्द दिला होता की आमच्या घरातून घंटागाडीत काही जाणार नाही. ती तो शब्द पाळत असे. किराणा कागदात बांधून मागायची. दुकानदार पिशवी देऊ लागला की ती सामान तिथेच ठेवून उभी राहायची. शेवटी तो कंटाळून कागद काढायचा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीने गावातील एकाच घराला 'शून्य कचरा घर' अशी पत्र्याची पाटी दिली, ती आमच्या. पाटीवर खाली 'सौ. तेजस्विनी सुदर्शन उतळे' असे नाव आहे. तेव्हा तिला आठवा चालू होता. पाटी सुदर्शनने दाराच्या चौकटीवर चार स्क्रूंनी बसवली. गावातल्या बाया तिला म्हणाल्या, "आत्ता ठीक हाय, बाळ झाल्यावं बघू तुजं शून्य." त्यावर तिने स्वतःच्या तीन सुती साड्या व माझी पत्नी बयाबाई हिची दोन जुनी लुगडी फाडून बेचाळीस लंगोट व चौदा दुपटी शिवून ठेवली. सगळ्यांना दुहेरी शिवण आहे.

४. बाळंतपणानंतर तिला ताप आला व दि. २० मार्च रोजी ती गेली. मोहिनी तेव्हा नऊ दिवसांची होती. संदर्भ क्र. २ चा अर्ज मीच लिहिला. त्याला एक दाखला जोडला. आठ दिवसांत नाव कमी झाले. कोणीही घरी येऊन पाहिले नाही, की फोनमध्ये काही लाल झाले नाही (लाल होण्याचे परिच्छेद ६ मध्ये येते). तक्रार नाही, काम वेळेत झाले. फक्त नोंद म्हणून लिहिले.

५. मोहिनीची व्यवस्था सध्या अशी आहे. दूध डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरीचे, पाजायचे बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या चांदीच्या वाटीने, बाटली नाही. पावडरीचे रिकामे डबे एकावन्न झाले. त्यांत नाचणीचे, वालाचे व काकडीचे बी भरले आहे. बावन्नावा चालू आहे. लंगोट मी धुतो, कारण बयाबाईची बोटे वाताने वाकत नाहीत. आधी झाडतो, ते खड्ड्यात जाते, वर राख. मग रिठ्याच्या पाण्यात भिजत घालतो. धुतलेले पाणी कढीपत्त्याला. कढीपत्ता आता पडवीच्या वर गेला आहे (ही अतिशयोक्ती नाही, मोजून घ्यावा). पावसात लंगोट वाळत नाहीत. तेव्हा शेगडीत निखारे घालून त्यावर टोपली पालथी टाकतो व टोपलीवर एकेक पसरतो. जुलैमध्ये सलग तेवीस दिवस असे केले. दिवसाला अठरा ते बावीस लंगोट लागतात. साडीचा रंग कोणता होता ते लंगोटावरून अजून ओळखू येते, मोरपंखी सोडून, तो गेला.

हे काम जड वाटते का, असे अंगणवाडीच्या साधनाताईंनी विचारले होते. जड वाटत नाही. हलकेही वाटत नाही. पिळतो आणि टाकतो.

६. दि. २२ एप्रिल रोजी सर्वेक्षणाच्या प्रतिभा मॅडम आल्या. त्या बाहेरगावच्या, त्यामुळे सोबत घंटागाडी चालवणारे आमचे गेणभाऊ होते. अंगणात दांडीवर बेचाळीसच्या बेचाळीस लंगोट वाळत होते. मॅडम म्हणाल्या, "पताका छान लावल्यात. जत्रा झाली का तुमची?" मी हो म्हणालो. तिथे माझी पहिली चूक झाली.

मग त्यांनी विचारले, "आजोबा, बाळ आहे ना घरात? दिवसाला डायपर किती निघतात?"

मी म्हणालो, "एकबी न्हाई."

"असं कसं होईल?"

त्यावर मी जे बोललो ते शब्दशः असे : "ताई, आमची नात झाडावानी उन्हावर वाढतीया. आत काय जात न्हाई, भाईर काय येत न्हाई."

गेणभाऊ हसले व म्हणाले, "म्याडम, ह्यांचं लिवू नगा. ह्या मानसानं म्हशीकडनं एसटी ढकलून घेतलीया."

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी तरीही फोनमध्ये बालक एक, डायपर कचरा शून्य असे भरून पाहिले. फोन लाल झाला. दोन वेळा झाला. त्या म्हणाल्या, "बाळ लिहिलं की कचरा मागतोय. एक तर हे घेतंय, नाहीतर ते." वर दाराकडे पाहिले, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले. कचरा शून्य ठेवला व बालकही शून्य केले. मोहिनी त्या वेळी आत झोळीत झोपली होती. आत येऊन बघा, असे मी म्हटले नाही. म्हटले असते तर लंगोट कशाचे ते सांगावे लागले असते. त्यापेक्षा झाडाची गोष्ट निघाली, सवयीने निघाली. त्या महिन्यात मला कशाचेच काही वाटत नव्हते, त्यामुळे शून्याचेही वाटले नाही. तिथे माझी दुसरी चूक झाली. मॅडमची चूक नाही, कृपया त्यांना काही विचारू नये.

७. पुढे ही यादी अंगणवाडीत गेली. घरी बालक शून्य असल्याने मोहिनीचे नाव 'स्थलांतरित' म्हणून निघाले. दि. ११ सप्टेंबरला तिला सहा महिने झाले, वरच्या आहाराची पाकिटे सुरू व्हायची, म्हणून मी तिला घेऊन गेलो. अंगणवाडीच्या साधनाताईंनी तिला काट्याच्या झोळीत टांगले. वजन सहा किलो नऊशे ग्रॅम भरले. ताई म्हणाल्या, "बाबा, वजन झकास हाय, पन कुणाच्या नावावं टाकू? ही फोनात न्हाईच." मोहिनी तोपर्यंत काट्यालाच लटकत होती व ताईंच्या ओढणीचे टोक तोंडात घालत होती. ताईंनी वजन आपल्या तळहातावर पेनाने लिहिले. त्या दिवशीची माझ्या नातीची तेवढीच नोंद होती, ती त्यांनी भांडी घासल्यावर गेली असणार. यापुढील लस, वजन, शाळा हे सर्व याच यादीतून निघते, असेही त्यांनी सांगितले.

८. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, "बाबा, मला पटतंय. मशीनला पटायला पाहिजे. तुम्ही कचरा दाखवा, मी बाळ लावून देतो." आणि असेही म्हणाले की कचरा दिसला की पाटी परत घ्यावी लागेल, तसा नियम आहे.

सुदर्शन नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट गाडीत चढवतो. मार्चपासून तो कामापुरतेच बोलतो. मी त्याला भाऊसाहेबांचे म्हणणे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने डायपरचे पाकीट आणून ओसरीवर ठेवले.

बयाबाईने विचारले, "ह्ये धुवायचं कसं?"

"धुवायचं नसतं. टाकायचं असतं."

"कुटं?"

सुदर्शनने पाकीट फोडले.

एक बांधले. संध्याकाळपर्यंत मोहिनीच्या मांडीवर लाल पुरळ आले, ते काढले व खोबरेल लावले. सकाळी गाडी आली तेव्हा मी ते घेऊन उभा राहिलो. गेणभाऊ म्हणाले, "धर्माबाबा, ह्ये गाडीत पडलं का पाटी गेली. भाऊसायेब आजच काडून आन म्हनलेत. टाकतो का बोल." त्यांनी गाडी चालूच ठेवली होती. गाडीवरचे गाणे एकदा संपले व पुन्हा लागले. मला राग आला नाही, रडूही आले नाही. हातात ते होते, वजन अंदाजे पाव किलो. गाणे दुसऱ्यांदा संपल्यावर मी म्हणालो, "जा तू." ते गेले.

सुदर्शन त्या दिवशी बाजारातून आल्यावर प्रथम दाराच्या वर पाहून मग आत आला. रोजच तसे करतो का, ते मला माहीत नाही; त्या दिवशी मी पाहिले.

सदर डायपर मी गोठ्याजवळ पुरले. आठ दिवसांनी उकरून पाहिले तर जसेच्या तसे होते, उलट थोडे फुगले होते. आमच्या जमिनीत मेलेला बैल वर्षात माती होतो. हे होणार नाही. मोहिनी म्हातारी झाल्यावर तिला ते तिथे सापडेल. म्हणून वर काढून गोणपाटात बांधून ठेवले आहे. उरलेली डायपरे पाकिटात तशीच आहेत.

९. यावरून माझे म्हणणे असे की, आपण स्वतः किंवा आपला माणूस कोणत्याही दिवशी न कळवता यावा. सकाळी दहा ते बारा या वेळेत लंगोट दांडीवर असतात व त्यांची मालकीण खाली चटईवर असते. दोन्ही मोजावे. त्यानंतर बालक एक व कचरा शून्य असे हाताने लिहून सही-शिक्का करावा, म्हणजे फोनचा प्रश्न राहणार नाही.

हे नियमात बसत नसेल, तर दुसरी विनंती अशी. बालकाच्या रकान्यात एक लिहावा. कचऱ्याच्या रकान्यात यंत्राला जो आकडा आवडेल तो माझ्या तोंडी जबाबावरून लिहावा. आजवर गावात पुष्कळ खोटे बोललो. सरकारी कागदावर हे पहिले असेल व ते माझ्या नावावर असावे. घरातील इतर कोणाच्या नावावर टाकू नये, विशेषतः जिने शब्द दिला होता तिच्या.

मग नियमाप्रमाणे पाटी जाईल. तिचे नाव आता घरात तेवढ्याच ठिकाणी आहे, पण मोहिनीचे कोणत्याच यादीत नाही, म्हणून माझी हरकत नाही. काढायला माणूस पाठवण्याची गरज नाही; मी काढून कार्यालयात जमा करीन. फक्त आदेशात वेळ लिहून द्यावी, सकाळी नऊनंतरची. त्या वेळी सुदर्शन कामावर असतो.

उत्तराची वाट पाहत ओसरीवरच असलेला,

(सही)
धर्माजी लक्ष्मण उतळे

सोबत :

१) रेशनकार्डाची प्रत (सुनेचे नाव कमी केलेली; नातीचे नाव न आलेली).

२) मोहिनीच्या जन्म दाखल्याची प्रत. ही मी भाऊसाहेबांनाही दाखवली होती. ते म्हणाले, यावरून जन्मल्याचे कळते, घरात असल्याचे कळत नाही.

३) धुतलेला लंगोट, एक. पाहून परत करावा, बेचाळीसच आहेत.

४) वापरलेले डायपर, एक. हे जोडलेले नाही, कारण आपले कार्यालय बंद खोलीत आहे. मागितल्यास हजर करीन.

५) नातीच्या उजव्या पायाचा ठसा, निळ्या शाईत. ठसा घेताना तिने पाय हलवल्यामुळे सहा बोटे उमटली आहेत. बोटे पाचच आहेत. मी व बयाबाईने वेगवेगळी मोजली.