अप्पांचे डोळे मिटलेले होते

बाळीवेस, सोलापूर

प्रिय श्रीशैल,

अप्पांच्या पुण्यस्मरणाला वाटण्यासाठी तू तो फोटो छापायला देतो आहेस, असं काल म्हणालास. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. तो फोटो छापायचा नाही. फोनवर हेच सांगितलं तर तू हसलास. मेसेज केला तर हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. कागदावरचं निदान शेवटपर्यंत वाचशील. वर ‘प्रिय’ लिहिलं आहे ते हाताच्या सवयीनं, त्याचा फार अर्थ काढू नकोस.

अप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी पाहुणे जेवत होते आणि तू माझा फोन घेऊन बसला होतास. अक्का, फोन पार भरलाय, सगळे फोटो हार्डडिस्कवर घेतो, म्हणालास. मी म्हटलं, घे, पण माझ्याकडचे राहू देत. तू मान वर न करता हो म्हणालास. तू पुण्याला गेल्यावर अप्पांना बघावं म्हणून फोन उघडला, तर आत काही नाही. अव्वाच्या आजारपणातले, अप्पा गच्चीवर पेपर वाचतानाचे, शेवटच्या दिवसाचे, सगळे गेले. तू कॉपी केलीच नव्हतीस, उचलून नेले होतेस. सेफ आहेत अक्का, पाठवतो, हे मी किती महिने ऐकलं ते तुलाच आठवत असेल. मग फोटो आले नाहीत, कुरिअरनं शेवटच्या दिवसाच्या फोटोची फ्रेम आली. मूळचे दे म्हटलं तर तू सांगितलंस, सगळे अॅपमध्ये घालून नीट करून घेतले, जुने काढून टाकले, डबल कशाला ठेवायचे? डबल म्हणे. आपल्या बापाचा खरा चेहरा तुला डबल वाटला.

तुला आपली रीत सांगायची पाळी यावी याचं नवल वाटतं. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात हार घालतात. घरची माणसं शेजारी बसतात आणि फोटो काढतात. त्या फोटोत डोळे मिटलेले असतात, कारण माणूस गेलेला असतो. तू अप्पांचे डोळे उघडलेस. तेही कुणा परक्याचे, तपकिरी, तुकतुकीत. अप्पांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची झाक होती, ती तुझ्या अॅपला काय माहीत? तोंडात दात भरलेस. कवळी आणून दिली तेव्हा अप्पांनी ती डब्यात टाकून दिली होती आणि म्हणाले होते, मी काय लग्नाला उभा हाय व्हय? त्या माणसाला तू पांढऱ्या शुभ्र दातांनी हसायला लावलंस, तेही मेल्यावर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. मिटलेल्या डोळ्यांना नातवंडं घाबरतात, हे तुझं म्हणणं मला पटत नाही, पण समजतं. पण अप्पांच्या उजवीकडे तू बसला आहेस. झब्बा घालून. तिथं मी बसले होते. दवाखान्यातून आणल्यापासून अप्पांचं अंग उजवीकडे कलत होतं, म्हणून मागून हात घालून मी त्यांना धरून ठेवलं होतं. तुझ्या अॅपनं मला पुसलं, पण माझा हात त्याला नीट पुसता आला नाही. समोरच्या कमरबीनं फ्रेम बघताच चष्मा सरकवला आणि म्हणाली, अक्का, ये उंगल्यां तो तुमारे हैं! अप्पांच्या खांद्यावर माझी चार बोटं तशीच आहेत, अव्वाच्या अंगठीसकट. तू अजून पाहिलं नसशील, तर आता बघ. बिरप्पाकाका मात्र खूश झाले. लई भारी आलाय की, अप्पा आता बोलत्याल बघ, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, पर श्रीशैल हुता व्हय तवा? मला तर आठवंना. हा फोटो घराघरांत गेला, की दहा वर्षांनी बिरप्पाकाकाही शपथेवर सांगतील, श्रीशैल हुता म्हणून.

तू नव्हतास. मी पहाटे फोन केला होता. मीटिंग उरकून निघतो म्हणालास. दुपारी टेंभुर्णीहून फोन आला, पोचतोच. मग मोडनिंबहून आला, पोचतोच. विधीला आलेले स्वामी म्हणाले, दिवस मावळायच्या आत न्यायला हवं. मी त्यांच्याशी भांडून दोनदा थांबायला लावलं. तू रुद्रभूमीत आलास तेव्हा अप्पांवर माती ओढून झाली होती. त्यावरून मी तुला आजवर एक शब्द बोलले नाही, आणि आजही बोलणार नव्हते. उशीर कुणालाही होतो. पण झालेला उशीर असा खोडून काढता येत नाही.

आता या पत्राचं खरं कारण. त्या दिवशी फोटो कमरबीनंच काढला होता, माझ्या फोनवर, आणि एक स्वतःच्या फोनवर घेतला होता. तिला तो आठवत नव्हता. गेल्या आठवड्यात नातीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवताना तो मध्येच निघाला. केबल लावून मी स्वतः तो पेनड्राइव्हवर घेतला. आधी कॉपी केला, मग पेनड्राइव्हवरून उघडून बघितला, मग तिच्या फोनमध्ये अजून आहे ना ते बघितलं. एवढंच करायचं असतं, इंजिनिअरसाहेब. हा फोटो पूर्ण आहे. तू फ्रेमसाठी डावी बाजू कापलीस, म्हणून तुला दिसलं नाही. अप्पांच्या डावीकडे घडी घातलेली घोंगडी अंथरलेली आहे आणि तिच्यावर कुणी नाही. बिरप्पाकाका तिथं टेकायला आले होते, त्यांना मी उठवलं. ती जागा तुझी होती. स्वामी घाई करत होते, तरी ती रिकामी ठेवूनच आम्ही फोटो काढला. छापायचा असेल तर हाच छाप, डोळे मिटलेला, घोंगडी रिकामी असलेला. माझ्या जागेवर बसायची तुला काही गरज नव्हती.

तुझीच,
महानंदाअक्का

बिरप्पाकाका मुलीकडे पुण्याला येत आहेत, त्यांच्या हाती दिलेल्या वस्तू:
काचेची फ्रेम, एक. परत.
पेनड्राइव्ह, एक. आत एकच फोटो, काहीही न सुधारलेला.
घोंगडी, एक. धुतलेली नाही.