चहातलं तुळशीपान

घाटकोपर, १९८४

तीर्थरूप आईस,
लवूचा वाकून नमस्कार.

आधी एवढं वाच: बाबा उठून बसलेत, पेज खातात आणि मला शिव्या घालतात. म्हणजे झकास आहेत.

परवा हॉस्पिटलात त्यांचा श्वास अडकला, तेव्हा सुगंधाआत्याने घाबरून त्यांच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घातलं. बाबांनी डोळे उघडले, पान चावलं आणि म्हणाले, "सुगंधा, माका अजून जावचा नाय. ह्या पान चायत घाल." अख्खा वॉर्ड हसला गं!

मग डॉक्टरांनी विचारलं, हृदय पुन्हा बंद पडलं तर छाती दाबायची का, मशीन लावायचं का? बाबा सरळ नको म्हणाले. मी भडकलो, "नको कसं? मी बघतो!" तिथल्या नर्सने, सुलक्षणाने, मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"जीव त्यांचा आहे ना? आधी ऐकून तरी घे."

(ती मालवणचीच. मी कॉलेज सोडलं तरी तिला चालतं. बाकी समक्ष सांगेन.)

आत गेलो. बाबा म्हणाले, औषधं, सुया सगळं घेईन. "पण वेळ इलीच तर मशीन नको. तू नि तुझी आवस हात धरून बसा."

मी रडत रडत हो म्हटलं. तू रागावली नाहीस ना? तुलाही चालेल ना?

डॉक्टरांनी सोडलं की घेऊन येतो. गाय व्याली का? अंगणातल्या तुळशीला पाणी घाल. बाबांना आता रोज चहात पान लागतं.

तुझा भांडकुदळ
लवू