तडका-पापडचा उपास

मु. डोंगरपाडा, ता. तलासरी
माघ महिना, २०१७

श्री. नविनभाऊ (आज होणारे व्याही, उद्याचं देव जाणे) यांना चिमणचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, ढाब्यावर ट्रकवाल्यांची गर्दी असेल, वहिनींचा गुडघा आता वळत असेल. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्याकडे टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही आणि टेकडीवरून बोललेलं सगळ्या पाड्याला ऐकू जातं. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो (राग मानू नका, अच्छाडच्या हायवेवर राहून तुमचा आवाज तसा झालाय). म्हणून हे पत्र.

मुद्दा असा, की या रविवारी चंद्रिकाला घेऊन येऊ नका. आमच्या ओढ्यावरच्या मोरीचं काम निघालंय, जीप अलीकडे येणार नाही. मोरी झाली की मी स्वतः कळवीन.

एवढ्यावरच पत्र संपवणार होतो. पण लबाडी लिहायला घेतली की माझं अक्षर बिघडतं, आणि वरच्या ओळी बघून ते तुमच्याही लक्षात आलं असेल. तेव्हा खरं ऐका. तडका आणि पापड जेवत नाहीत.

साखरपुड्याला तुमची लेक सगळ्या पाहुण्यांसमोर काय बोलली ते तुम्ही विसरला नसाल. "आधी माझी ही दोन कुत्र्याची पिल्लं तिकडे पाठवते. ती अंगानं भरली तर मी येते, वाळली तर साखर परत." सगळे हसले. मीही हसलो, आणि वर म्हणालो, की आमच्या घरी दगड आणून ठेवा, महिन्याभरात ढेकर देईल. (आख्खी नोकरी एसटीत कंडक्टरकी केली, पण नको तिथे घंटी मारायची खोड काही गेली नाही.) आता चंद्रिका बोलते तसं करते हे तुम्ही जाणता, आणि आमचा संदीप तर चांगलाच जाणतो. तो परवापासून माझ्याशी बोलत नाही.

आमच्या वडिलांची शिकवण अशी, की घरी आलेल्याला "बस" म्हटल्याशिवाय त्याच्या पुढ्यात ताट ठेवू नये. म्हणून वाढायचं काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. ताटली ठेवतो, पाठीवरून हात फिरवतो, "बस, बस रे बाळा" म्हणतो. दोघं माझ्याकडे बघतात, ताटलीकडे बघतात, जिभल्या चाटतात, आणि मागे सरकून भिंतीला टेकतात. मी आणखी गोड आवाज काढून "बस ना रे" म्हणालो, तर पापड अंगणाबाहेर जातो.

काय नाही केलं, नविनभाऊ! नाचणीची भाकरी दुधात कुस्करली. नको. नवा तांदूळ, त्यावर उडदाचं वरण. नको. वाटलं, ढाब्याची सवय, तेव्हा बुधीबाईकडून डाळीला लसणाची फोडणी देऊन घेतली (मला ती सणालासुद्धा मिळत नाही). तेही नको. मग वरोरची तुळशी सुकी मासळी घेऊन बाजारात येते, तिच्याकडून बोंबील आणले. वासानेच शेजारची मांजरं ओट्यावर जमली. मी मांजरांना काठीने हाकललं, पिल्लांना प्रेमाने "बस" म्हटलं, तर पिल्लंही मांजरांच्या मागोमाग गेली. शेवटी कोंबडा कापला. घरचा कोंबडा, नविनभाऊ! पहाटे आता आम्हाला उठवायला कुणी नाही.

तुम्ही विचाराल, मग ती जगतात कशावर? तर शेजारच्या काकड्याच्या कोंबड्यांचे दाणे चोरून, संदीपच्या चपलेचा अंगठा चघळून, आणि सुपात वाळत घातलेल्या पापड्या पळवून. म्हणजे भूक आहे, दात आहेत, फक्त माझ्या हातचं चालत नाही. बुधीबाई तर तोंडावरच म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा बघू. तुमचं तोंड उघडलं की त्यांची भूक मरते." बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची मला सवय नाही, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

यातून आणखी एक संकट उभं राहिलं, ते लिहायला लाज वाटते. अन्न टाकायचं नाही असा आमच्या घरचा नियम. त्यामुळे दोन्ही वेळेला त्यांच्या ताटलीतलं सगळं माझ्या पोटात जातं. दूधभाकरी मी खाल्ली, फोडणीची डाळ मी खाल्ली, कोंबडाही बराचसा मीच. आता पिल्लांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात आणि माझ्या सदऱ्याची बटणं लागत नाहीत. तुम्ही रविवारी अंगणात पाऊल टाकलंत की डावीकडे ती दोघं दिसतील आणि उजवीकडे मी. यावरून कुणीही काय समजेल ते मी सांगायला नको.

काल काकड्या म्हणाला, नजर लागलीये. मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. नजर गेली की नाही ते कळलं नाही, पण सगळं घर खोकत अंगणात आलं आणि पिल्लं शिंकत काकड्याच्या घरी गेली. रात्री संदीप न जेवता झोपला. पोराने चंद्रिकासाठी खोलीला निळा रंग काढलाय, भिंतीला आरसा ठोकलाय, आरशापुढे कंगवासुद्धा नवा आणून ठेवलाय. तो कंगवा बघितला की मी तसाच मागे फिरतो. एवढ्या मोठ्या तोंडाने मी शब्द दिला आणि पोराचं लग्न दोन कुत्र्यांच्या उपासात बुडणार, याचं मला फार वाईट वाटतं. हात जोडून सांगतो, थोडे दिवस द्या.

आपला (अजून तरी),
चिमण

ता. क. पत्र नेणारी जीप आली नाही म्हणून ते घरीच राहिलं, ते बरं झालं. मिरच्यांच्या धुराने सकाळी माझा घसा बसला. तोंडातून अक्षर फुटेना, म्हणून मुकाट्याने ताटली ठेवली आणि वळलो. मागे बघतो तर ताटली चाटूनपुसून साफ! पापड ती डोक्यावर घेऊन फिरत होता. बुधीबाई रडायला लागली. मलाही रडायचं होतं, पण आवाज नव्हता.

ता. क. २. संदीप धावत टेकडीवर गेला आणि त्याने चंद्रिकाला फोन लावला. तिने विचारलं, "बाबा वाढताना काय म्हणतात?" याने सांगितलं. पोरगी इतकी हसली म्हणे, की पाड्याला फोनशिवाय ऐकू आलं. मग म्हणाली, "अरे, आमच्या गुजरातीत बसायला 'बेस' म्हणतात. 'बस' एटले पुरे! ढाब्यावर गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून मीच शिकवलंय त्यांना. 'बस' ऐकलं की तोंडातला घाससुद्धा सोडायचा." आपल्या मराठीतही बस म्हणजे पुरेच की हो, नविनभाऊ! पण माझा जन्म गेला लोकांना बस म्हणण्यात, ध्यानातच आलं नाही. आणि ती एवढीशी पिल्लं, पुढ्यात कोंबडा असून उपाशी राहिली, पण तुमच्या लेकीचा शब्द त्यांनी मोडला नाही. मी त्यांना अभिमानी म्हणून शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेतो.

ता. क. ३. मोरी शाबूत आहे, तिला काही झालेलं नाही. रविवारी जरूर या. बरगड्या तोवर पूर्ण झाकणार नाहीत, पण चंद्रिकाने फोन ठेवताना निरोप दिलाय, की बरगड्यांचं बघू, फक्त बाबांना सांग, माझ्या ताटापुढे उभं राहून "बस" म्हणू नका. तिला सांगा, पोटभर जेवायला ये. या घरात तो शब्द आता कुणी उच्चारत नाही. एसटीलासुद्धा आम्ही गाडी म्हणतो.