मागच्या सीटवरून महाबळेश्वर

श्रीवर्धन,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

राहीलच्या अब्बांना,

अस्सलामु अलैकुम, वि. वि. मी माजघरात खैरियतने आहे आणि ओटीवरची तुमची खैरियत अल्लाहकडे नेक चाहते.

काल दुपार कलताना, असरच्या सुमारास आपण महाबळेश्वरहून घरी आलो. तुम्ही गाडी धुतलीत, मी कपडे धुतले. स्ट्रॉबेरीचा खोका खालून ओला झाला होता, त्यातल्या बऱ्या वेचून शेजारच्या ठमाबाईंना दिल्या. रात्री भात आणि सुकटीचं कालवण केलं. आज तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलात आणि मी कागद घेऊन बसले.

एकाच घरात राहून पत्र कसलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण आपला सत्तावीस वर्षांचा संसार पत्रांवरच झाला. तुम्ही मस्कतला, मी इथे. मोबाइल आल्यावरही गावातलं कोणी सुटीवर आलं की त्याच्या बॅगेत तुमचा लखोटा असायचाच. तुमच्या मॅडमची मांजर आजारी पडली तर तिला कुठे नेलं, तेसुद्धा मला माहीत असे. डिसेंबरात तुम्ही कायमचे घरी आलात आणि तेव्हापासून मला तुमचं काहीच कळेनासं झालं आहे. या सहलीत तुम्ही माझ्याशी जे बोललात ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्यालाही जागा उरली असती.

लाइबाने पुण्याहून हट्टाने खोली बुक केली. जावयाची जुनी गाडी दाराशी नुसती उभी आहे, घरात अब्बांसारखा ड्रायव्हर आहे, लग्नानंतर कुठे गेला नाहीत ते थंडी संपायच्या आत जाऊन या, असं ती म्हणाली. आईबापाला हनिमूनला धाडणारी लेक मीच पहिली, असंही वर म्हणाली. मी तिला दटावलं. पण खोटं कशाला लिहू, नवी ओढणी मी त्यासाठीच काढली होती.

मंगळवारी सकाळी तुम्ही गाडी बाहेर काढलीत, उतरून आलात आणि माझ्यासाठी मागचं दार उघडून उभे राहिलात. मी बसले. तुम्ही दार लावलंत आणि पुढे जाऊन बसलात. तुमच्या शेजारच्या सीटवर तुमची टोपी आणि पाण्याची बाटली. म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर, सगळा रस्ता मी तुमची मान बघत गेले. आंबेनळी घाटात काटेसावर फुलली होती, ती मी एकटीनेच पाहिली. वळणावर तुम्ही समोरून येणाऱ्याच्या बाजूला जात होता. गिअर बदलायला उजवा हात उचललात की तो दारावर आपटत होता. मला महाडपासूनच मळमळत होतं, पण मागून सांगायचं तर मोठ्याने सांगावं लागलं असतं.

लॉजवाल्या सोनूबाई मोठ्या बोलक्या. लोक समुद्र बघायला तुमच्याकडे जातात आणि तुम्ही आमचे दगड बघायला येता, काय तरी तऱ्हा, असं म्हणत त्या भाकरी वाढत होत्या. मग त्यांनी मुलं किती, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, एक. मुलगी, पुण्याला असते. मी हात धुऊन वर खोलीत गेले. त्यांना वाटलं मला घाट लागला, म्हणून त्यांनी लिंबू पाठवलं.

राहीलला जाऊन येत्या पावसाळ्यात चार वर्षं होतील. तुम्ही परत आल्यापासून त्याचं नाव तुमच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. पत्रांत आधी तुम्ही ‘राहीलच्या अम्मीस’ असं लिहायचात, तो गेल्यावर ‘लाइबाच्या अम्मीस’ झालं. माझा मायना मी बदललेला नाही.

आणखी एक. तुमच्या जुन्या मालकांच्या घरून पुन्हा बोलावणं आलं आहे आणि तुमचा पासपोर्ट मुंबईच्या एजंटकडे गेलासुद्धा आहे, हे मला लाइबाकडून कळलं. जायचं असेल तर जा. पण मला ते लेकीकडून कळू नये.

पत्र थर्मासखाली ठेवते. उत्तर पाठवावं. टपालखर्च नाही.

तुमची,
खतिजा

ता. क. हात सुजला असेल तर घरात आंबेहळद आहे.


श्रीवर्धन,
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

लाइबाच्या अम्मीस,

अस्सलामु अलैकुम. मी ओटीवर ठीक आहे. हात बरा आहे. आंबेहळद सापडली नाही.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला तोंडाने सांगता येत नाही हे तुला माहीत आहे.

दाराचं सांगतो. ती हाताची सवय. गाडीपाशी कोणी आलं की मागचं दार उघडायचं, एवढंच इतकी वर्षं हाताला ठाऊक. उघडल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तसाच उभा राहिलो. वाटलं, तू हसशील, काहीतरी टोमणा मारशील आणि पुढे येऊन बसशील. तू सरळ मागेच बसलीस. मला वाटलं, तुला लांबच बसायचं आहे. मग मी दार लावलं.

आरसा मात्र तुझ्यावर धरला होता. त्यामुळे मागच्या गाड्या दिसत नव्हत्या. तुला मळमळतंय हे मी पाहिलं होतं. पोलादपूरला उतरून आवळासुपारी घेतली. ती तुला द्यायची राहिली. अजून गाडीच्या खणात आहे.

तिकडे रस्ता सरळ, स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. घाटात मला भीती वाटली. लाइबाला सांगू नकोस, ती गाडी परत नेईल.

पासपोर्टचं. मोठे मालक वारले. त्यांच्या मुलाने बोलावलं आहे. मॅडम आता थकल्या, त्यांना दवाखान्यात नेणं-आणणं एवढंच काम आहे. मी हो म्हटलेलं नाही. येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू जा म्हणालीस तर मी काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

तू मला काचेच्या कपात चहा देतेस. जेवायला फुलांच्या प्लेटी. तो पाहुण्यांचा सेट, मीच आणलेला. सुटीवर यायचो तेव्हा ठीक होतं. आता मी सुटीवर नाही. तू आणि ठमाबाई स्टीलच्या पेल्यातून पिता. मी काही उचलायला गेलो की तू हातातून घेतेस. या घरात मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही. तिकडच्या घरात सगळं माहीत होतं. म्हणून वाटलं, निदान तिकडे माझं काहीतरी काम असेल.

बाकी तू लिहिलेलं वाचलं.

शब्बीर


श्रीवर्धन,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

राहीलच्या अब्बांना,

अस्सलामु अलैकुम, वि. वि. मी आहे तशी आहे.

मीठ गॅसच्या डावीकडे, चिनी मातीच्या बरणीत. आंबेहळद वरच्या फळीवर, कॉफीच्या बाटलीत. कॉफीच्या बाटलीत कॉफी नसते, एवढं लक्षात ठेवलंत तर या घरातलं निम्मं तुम्हाला सापडेल.

कपांचं खरं आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही आलात की सेट काढायचा, ही माझ्या हाताची सवय. तुमच्या दाराची आणि माझ्या कपांची फिटंफाट झाली असं समजू.

तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

पण तुम्ही दाराचं लिहिलंत, आरशाचं लिहिलंत, मिठाचं लिहिलंत. सोनूबाईंना जे सांगितलंत त्याचं एक अक्षर लिहिलं नाहीत. बाकी वाचलं, म्हणे. वाचता येतं हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे.

त्या दिवसाचं तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. दफन झालं, एवढं तुमच्या भावाने फोनवर कळवलं. राहील पहाटे गेला आणि असरला दफन झालं. तुम्ही ऐकल्याबरोबर विमानात बसला असता तरी पोचला नसता. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. नंतर मात्र तुम्ही फोनवर म्हणाला होतात, की आता कोणाला भेटायला येऊ. मी घरात होते.

तो दिवस माझ्याकडे आहे. लाइबाचे तेव्हा दिवस भरत आले होते, म्हणून तिला सगळं सांगितलं नाही. पुढे ते राहूनच गेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची ती गोष्ट नाही. सांगण्यासारखं एकच माणूस आहे, आणि ते विचारत नाही. न विचारता मी सांगणार नाही, याला तुम्ही हट्ट म्हणा. एकटीने तो दिवस सांभाळून मी थकले आहे. तुम्ही राहिलात आणि हे असंच राहिलं, तर तुम्ही मस्कतला असलात काय आणि ओटीवर असलात काय, मला सारखंच.

पत्राचा राग मानू नये, माया कमी करू नये.

तुमची,
खतिजा


श्रीवर्धन,
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

राहीलच्या अम्मीस,

अस्सलामु अलैकुम. पहाटेच्या एसटीने मुंबईला जातो आहे. पासपोर्ट परत मागून आणतो. एजंट कटकट करेल, करू दे. कालच जाणार होतो, पण शिवरात्रीमुळे एसट्या हरिहरेश्वरच्या गर्दीने भरल्या होत्या. परत यायला उशीर होईल, तू जेवून घे. हे तोंडावर विचारायला जमलं नसतं, म्हणून मी गेल्यावर तुझ्या हाती पडेल असं ठेवतो.

सोनूबाईंना दोन म्हटलं असतं, तर मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं असतं. त्याचं उत्तर मी आजवर कोणालाच दिलेलं नाही. मस्कतला मालकांनाही सांगितलं नव्हतं. भावाचा फोन आला त्या दिवशी मी सुटी घेतली नाही. मॅडमना दवाखान्यात नेलं, परत आणलं. त्या मधूनमधून विचारायच्या, राहील कसा आहे. मी म्हणायचो, ठीक आहे. त्या घरात तो ठीकच होता. इथे आलो असतो तर परत जाऊन मला तसं म्हणता आलं नसतं. म्हणून आलो नाही. परत जावंसं वाटत होतं तेही त्याचसाठी, नोकरीसाठी नाही.

शबे-बरातला कब्रस्तानात गेलो तेव्हा भाऊ बरोबर होता. एकटा असतो तर राहीलची कबर मला सापडली नसती.

आता विचारतो. त्याला न्हाऊ घालून गुसल कोणी दिला? खांदा कोणी दिला? पाऊस होता का? त्याने माझं काही विचारलं का?

लिहिता येईल तेवढंच लिही.

चहा मी करून घेतला. स्टीलच्या पेल्यातून प्यालो. साखर सापडली नाही.

शब्बीर


श्रीवर्धन,
गुरुवार, २७ फेब्रुवारी, दुपार

राहीलच्या अब्बांना,

अस्सलामु अलैकुम. मायना वाचला. बाकीचं बऱ्याच वेळाने वाचलं.

विचारलंत, म्हणून लिहिते.

पाऊस होता. कबर खणली की पाणी भरायचं, मुलं डब्यांनी उपसत होती. मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. गुसल तुमच्या भावाने आणि पेशइमामांनी दिला. खांदा द्यायला सगळी आळी होती. त्याच्या क्रिकेटच्या टीममधला प्रज्योत घरापासून कब्रस्तानापर्यंत खांदा सोडायला तयार नव्हता. लोक त्याला म्हणत होते, आता दुसऱ्याला दे. तर तो म्हणाला, की मी आणि राहील एका उंचीचे, मी असलो की तिरपं होणार नाही. अजून ईदला येतो. शिरखुर्मा पितो आणि जातो. या ईदला त्याला तुम्ही वाढा.

आदल्या दुपारी दवाखान्यात राहील शुद्धीवर होता. कावीळ डोळ्यांत उतरली होती. मी म्हटलं, अब्बांना व्हिडिओ लावते. तर नको म्हणाला. अब्बा आत्ता गाडीवर असतील, माझे डोळे बघून त्यांचं रस्त्यावरून लक्ष उडेल, ड्यूटी सुटली की लाव, असं म्हणाला. मस्कतचं घड्याळ आपल्या मागे किती, ते त्याला तोंडपाठ होतं. मग मला चिडवलं, की तू फोनवर रडशील आणि अब्बांना वाटेल मी नापास झालो. असं म्हणून झोपला. तुमची ड्यूटी सुटायची वेळ झाली तेव्हा मी त्याला हाक मारली, तो उठला नाही. पहाटे फजरच्या वेळी गेला.

तुमचं काही विचारलं का, याचं हे उत्तर. त्यानंतर तो बोललाच नाही.

सोनूबाईंसारखं पुन्हा कोणी विचारलं, तर दोन म्हणा. मुलगा काय करतो असं विचारलं, तर माझ्याकडे बघा. मी सांगेन.

रमजानचा चांद दिसायच्या आत, उद्या नाहीतर परवा, एकदा कब्रस्तानापर्यंत गाडी काढा. बायका आत जात नाहीत, मी गाडीतच बसेन. टोपी आणि बाटली मागच्या सीटवर ठेवा. दार मी माझं उघडीन. आवळासुपारी खणात असू द्या.

प्रवासाने दमून याल. भात झाकून ठेवला आहे, कालवण गरम करून घ्या. लोभ आहे, तो कळत जावा, एवढीच विनंती.

तुमची,
खतिजा

ता. क. साखर मिठाच्या शेजारीच आहे, हॉर्लिक्सच्या बाटलीत. काचेचा सेट धुऊन, पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला आहे, तो आता माळ्यावर टाकते. स्टूल डगमगतं आणि धरायला घरात कोणी नाही, पण तुम्ही येईपर्यंत थांबले तर सकाळचा चहा पुन्हा त्यातच होईल. पत्र थर्मासखाली ठेवते आणि चढते.