तुझा कागद मी भरला

प्रिय मिनोरी,

इकडे तोयामात बर्फ पडायला लागलंय आणि तुझे बाबा रोज सकाळी फावडं घेऊन कण्हत कण्हत अंगणात उतरतात. शुंपेइ ठणठणीत आहे. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यापायी वर्षातले सहा महिने हॉस्पिटलात काढणारा तुझा हा भाऊ आता माशांच्या वड्यांच्या कारखान्यात मुकादम झालाय, पोटही सुटलंय. डॉक्टर त्याला ओरडतात, मी मनातल्या मनात खूश होते.

मी दर गुरुवारी त्याच हॉस्पिटलात जाते, सांगितलं होतं ना तुला? मुलांच्या वॉर्डात भावंडांना अजूनही आत सोडत नाहीत. आई आत, दुसरं पोर दाराबाहेरच्या बाकावर. त्या पोरांशी मी पत्ते खेळते. सगळी मला हरवतात, लबाड कुठली!

गेल्या गुरुवारी एक संशोधक बाई आल्या. घरात एक मूल सतत आजारी असलं की दुसरं कसं निभावतं, हे त्या मोजतात. प्रश्नांचा एक कागद आईला, एक बाहेरच्या मुलाला. बाकावरच्या आठ वर्षांच्या कोतोनेच्या आईने माझ्या शेजारी बसून भराभर भरून टाकला: रडत नाही, हट्ट नाही, काही त्रास नाही. आणि गेली आत. कोतोनेच्या कागदावर प्रश्न होता, घरी तुला विसरतात का? तिने 'नेहमी'भोवती गोल काढला. मग हळूच मला म्हणाली, "आजी, यावरून आईला कुणी रागावेल का हो?" मी नाही म्हणेपर्यंत तिने रबराने तो गोल पुसला आणि 'कधीच नाही'भोवती काढला.

मिनोरी, सत्तावीस वर्षांपूर्वी असाच एक कागद मला दिला होता, तुझ्याबद्दलचा. तू दाराबाहेर बसली होतीस, दहा पावलांवर. मी तुला विचारलंसुद्धा नाही. सगळीकडे 'नाही, नाही' लिहिलं. नर्स म्हणाली, "किती गुणी हो तुमची लेक!" आणि मी महिनाभर आळीत मिरवलं. शुंपेइसाठी सगळ्या घराचंच जेवण अळणी असायचं, तेव्हा तू म्हणायचीस, मला असंच आवडतं. मैत्रिणीकडे मात्र खारट सूप तीन वाट्या प्यायलीस, तिच्या आईनेच मला सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. मूर्ख बाई मी! त्यानंतर तू कधी काही मागितलं नाहीस, कशाला नाही म्हणाली नाहीस. ही सवय मीच लावली, आणि ती आता जन्मभर जायची नाही, अशी धास्ती घेऊन मी त्या दिवशी घरी आले.

आणि रविवारी तुझा फोन. "आई, या नवीन वर्षाला मी येणार नाहीये. दमलेय गं. मला एकटीला लोळायचंय." पाठोपाठ तीनदा माफी मागितलीस. मी नुसतं "बरं" म्हणाले, ते तुला तुटक वाटलं असेल. अगं, मी हसू दाबत होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तू मला नाही म्हणालीस! बाबा विचारत होते, पोरगी येत नाही आणि तू हसतेस काय? तुला आता रुखरुख लागली असणार, गुपचूप तिकीटही काढलं असशील, ओळखते मी तुला. म्हणून हे पत्र. ते तिकीट परत कर. आलीस तर दार उघडायची नाही.

तुझीच,
आई